अक्का जेवायला यायची ते दिवस

राखेचा बुधवार आला की आई अंड्यांची टोपली धुऊन माळ्यावर ठेवते. मटणाचं पातेलं, मोठा झारा आणि मासे तळायचा तवा हे सगळं राखेनं घासून, उन्हात वाळवून, पोत्यात बांधून टोपलीशेजारी जातं. ईस्टरपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. यंदा तिला स्टुलावर चढवत नाही, म्हणून मी शाळेतली परीक्षांची धांदल टाकून, लेकीला घेऊन परभणीहून सोनपेठची एसटी धरली. रस्त्यानं कडब्याचे ट्रॅक्टर डुलत चालले होते आणि बसच्या खिडकीतून तो कोरडा, गोडसर वास सारखा आत येत होता. घरी पोचले, पोतं वर सरकवलं, तर खालून आई म्हणाली, "झालं. आता आली असती."

कोण, ते मी विचारलं नाही.

समोरच्या घरातली शिवकांताअक्का. सगळी गल्ली तिला नुसती अक्का म्हणायची. लिंगायत घर, किराणा दुकान, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि जिभेवर कायम मिरची. आमचं घर ख्रिस्ती, गावात अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी. वडील पूर्णेला रेल्वेत होते. ते गेल्यावर आई मला घेऊन या माहेरच्या गावी आली आणि ब्लाउज शिवून तिनं संसार ओढला. गल्ली इतकी अरुंद की आईचं शिलाई मशीन ज्या खिडकीत, तिच्या बरोबर समोर अक्काच्या खोलीची खिडकी. दोघी आपापल्या जागेवर बसून दिवसभर बोलायच्या. मधून सायकल गेली तर तेवढ्यापुरतं वाक्य तोडायच्या आणि पुढं जोडून घ्यायच्या.

एवढी मैत्री, पण अक्का आमच्या घरात पाण्याचा घोटही घ्यायची नाही. घरात मांस शिजतं, मग कसं घेणार? त्यात हिडीसफिडीस अजिबात नव्हती. उंबऱ्यावर बसायची, आईच्या हातचं तंबाखूचं पान मात्र खुशाल खायची, कारण पान म्हणजे काही अन्न नव्हे, असा तिचा निवाडा होता. फक्त उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, तिचा हा नियम सुटायचा. आम्ही त्या दिवसांत मांस सोडतो हे तिला कळलं तेव्हा ती आधी हसली, "तुमच्यात बी श्रावण असतोय की गं!" आणि मग गंभीरपणे आत येऊन तिनं आमचं स्वयंपाकघर तपासलं.

"घासलंस का समदं?"

"घासलं."

"आन् ते कोंबडीचं?"

"माळ्यावर."

"मग टाक चहा. वर्षातनं एकदा तरी तुमचं घर शाणं होतंय."

तेव्हापासून दर वर्षी ते दिवस अक्काचे. नवी ज्वारी घरात आलेली असायची. आई भाकरी थापायची, अक्का पिठाच्या डब्याला पाठ टेकून बसायची आणि चिंचेच्या सारात भाकरी कुस्करता कुस्करता आईच्या सारात काय चुकलंय ते सांगायची. आमच्या पंथात राखेच्या बुधवारी राख लावत नाहीत, नावच तेवढं आहे. हे काही अक्काला पटायचं नाही. "नाव राखेचं, आन् राख कुठाय? मला मागितली असती तर दिली असती," म्हणायची. ईस्टरच्या सकाळी आमच्या घरातून मसाल्याचा वास सुटला की ती गल्लीत उभी राहून नाकाला पदर लावायची आणि ओरडायची, "झालं का तुमचं? आता पुढल्या साली!" आणि हसत आपल्या घरात जायची. मला लहानपणी ईस्टरचं मटण गोड लागायचं, पण अक्काचं ताट बंद झालं याची हुरहूरही त्याच घासात असायची.

मला जो उपवासकाळ विसरता येत नाही तो माझ्या लेकीच्या जन्माचा. आता ती पाचवीत आहे आणि मला परीक्षेची उत्तरं पाठ करून दाखवते. तेव्हा ती मूठभर होती आणि मी बाळंतपणाला आईकडे आले होते. अंगणातल्या लिंबाला मोहर आला होता. खाटेखाली शेगडी, खोलीत ओव्याची धुरी, दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा. त्या दिवसांचा विचार केला की सगळ्यांत आधी नाकात धुरी येते, मग कानात आईचा आवाज.

आई बाळाला न्हाऊ घालायची तेव्हा पाय लांब करून पाटावर बसायची. नडग्यांवर बाळ पालथं, हातात कोमट तेल. शेवटचा तांब्या ओतताना ती मोठ्यानं म्हणायची, "देवा, हे तुझं लेकरू. हिच्या डोळ्यांत उजेड ठेव, हिच्या पायांत बळ ठेव, हिला कुणाच्या दारात उपाशी उभी करू नको." ही प्रार्थना कुठल्या पुस्तकातली नाही. तिच्या आईनं मला म्हटली होती, तिनं माझ्या लेकीला. एरवी आमच्या घरात प्रार्थना खिडकी लावून व्हायची. संध्याकाळी आई आधी खिडकी ओढून घ्यायची, कडी लावायची, मग डोळे मिटायची. असं कुणी सांगितलेलं नव्हतं. थोड्या घरांच्या माणसांना काही सवयी आपोआप लागतात. पण न्हाणीला खिडकी नव्हतीच, नुसता पत्रा. त्यामुळे तेवढी एक प्रार्थना सगळ्या गल्लीला ऐकू जायची.

त्याच दिवसांत अक्काला लकवा मारला. डावं अंग गेलं. जीभ शाबूत राहिली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ती मुलाला, मन्मथला, रिक्षा कशी वळवायची ते सांगत होती. पण दुसऱ्या दिवशी कळलं की ती जेवत नाही. अंघोळीशिवाय पूजा नाही आणि पूजेशिवाय अन्न नाही, हा तिचा आयुष्यभराचा नेम. आणि अंघोळ ती सुनेला घालू देईना. सून सुनंदा पाणी तापवून, पदर खोचून उभी, आणि अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली. जिच्यावर इतकी वर्षं राज्य केलं तिच्यापुढं उघडं कसं पडायचं, हा तिचा प्रश्न होता. सुनंदा आमच्या दारात येऊन रडली.

आईनं मशीनवरचं कापड तसंच सोडलं आणि गल्ली ओलांडली.

मी माझ्या खाटेवरून दोन्ही खिडक्यांतून पाहत होते. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही. बराच वेळ पाण्याचा आवाज आला, मग अक्काचा, "हळू गं, मी काय चादर हाय का आपटायला?" तेव्हा मला हायसं वाटलं. अंघोळ झाली, भस्म लागलं, आणि मग घोडं अडलं. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, उजव्या हातानं पाणी, बेलाचं पान, फूल वाहायचं, अशी त्यांची पूजा. आणि अक्काचा डावा हातच गेलेला. तो उचलून धरला तर धरवेना, लुळा पडायचा.

आईनं पदराला हात पुसले. "अक्का, माझा हात चालंल का?"

अक्कानं तिच्या तळहाताकडे बघितलं. "तुझा हात खाली ऱ्हाईल. वर माझाच हाय. धर."

त्या दिवसापासून रोज सकाळी हेच. आधी आमच्याकडे बाळाची अंघोळ, मग त्याच तेलकट हातांनी समोर अक्काची. मग अक्काचा तळहात आणि त्याखाली आईचा तळहात, पूजा होईपर्यंत. आईचं मनगट दुखायचं, रात्री ती हळद लावून बांधायची. मी एकदा म्हटलं, त्यांच्या नात्यातली कुणी बाई बोलवू दे की. आई सुईत दोरा ओवत म्हणाली, "त्या घरात पाणी तापवायला माणूस हाय, अंगावर ओतायला न्हाई." तिच्या धर्मावर मी तिचं याहून मोठं व्याख्यान कधी ऐकलेलं नाही. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी परभणीच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब मंडळींचे पाय धुतात. मीही दर वर्षी बघते. ते पाय घरूनच घासून आलेले असतात, काहींच्या टाचांना तर पावडर असते. मला त्या वेळी अक्काच्या सुजलेल्या पावलाच्या बोटांमधून कपडा फिरवणारी आई आठवते आणि माझं लक्ष उडतं.

असं सगळं नीट चाललं होतं. मग एका दुपारी मन्मथ आमच्या दारात आला. दुकान सोडून तो कधी यायचा नाही. चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "बाई, काही लोक दुकानात येऊन इचारायलेत. रोज दार लावून आत काय करायल्या म्हणं. मी झाडलं त्यांना. तुमी मनावर घेऊ नका."

मनावर घेऊ नका म्हणून सांगायला माणूस घरी येतो, तेव्हा ते मनावरच घ्यायचं असतं. आसपास कुठल्याशा गावात प्रार्थनेवरून, धर्म बदलवतात म्हणून, वाद झाल्याचं त्या वर्षी कानावर आलं होतं. पाळकसाहेबही महिन्याच्या भेटीला आले तेव्हा दबक्या आवाजात म्हणाले होते, सेवा करा, पण बोलताना जपा. आई घाबरट नव्हती. पण तिला एका गोष्टीची धास्ती होती: आपल्या तोंडून एक शब्द निघाला तर उद्या हे दार बंद होईल आणि अक्का पुन्हा उपाशी भिंतीकडे तोंड करून पडेल. म्हणून तिनं जाणं थांबवलं नाही, तोंड बंद केलं. समोर अंघोळ घालताना ती आधी काहीतरी गुणगुणायची, ते बंद झालं. आमच्या न्हाणीतली प्रार्थनाही ती बाळाच्या कानाशी पुटपुटू लागली.

गल्लीत आणखी कुणाला हा फरक कळला नसेल. अक्काला लगेच कळला.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, थोडे दिवस आधीची सकाळ. पूजा झाली होती, आई अक्काचे केस विंचरत होती. मी बाळाला घेऊन खिडकीत बसले होते. अक्का म्हणाली, "सुशीला, त्या लेकराला न्हाऊ घातल्यावर म्हणत व्हतीस, ते आता का म्हणीनास?"

"म्हणते की."

"मला ऐकू यीना. लय ग्वाड वाटायचं. इथं पडल्या पडल्या ऐकायची मी." मग, "माझ्यासाठी म्हण की तसं. मी बी आता लेकरूच झाले."

आईचा हात थांबला. तिनं वळून खिडकीकडे बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं, समोर खिडकीत मीच होते. तरीही ती हळू आवाजात म्हणाली, "तुझ्यासाठी रोज म्हणते, अक्का. मनात."

"मनातलं देवाला कळतंय गं," अक्का म्हणाली. "मला कसं कळावं?"

आई हसली. फणी पुन्हा फिरू लागली. "ईस्टर होऊ दे, मग म्हणीन," ती म्हणाली, आणि विषय तिथंच राहिला.

झावळ्यांच्या रविवारी पहाटे अक्का गेली. शेवटची अंघोळ सुनेनं घातली, आता अक्काची हरकत नव्हती. आमच्यासारखंच त्यांच्यातही पुरतात, पण बसवून. अक्का त्यावरून आईला चिडवायची, "तुमी बी मातीत, आमी बी मातीत. तुमी निजून जाता, आमी बसून. उठायला कोण आधी तयार, सांग!" तिला फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून नेलं. आई खिडकीत उभी होती, तिचा उजवा तळहात उताणा, डाव्या हातात धरलेला. ईस्टरला आमच्या घरी मसाला वाटला गेला नाही. पोतं माळ्यावरच राहिलं, पावसाळा लागेपर्यंत.

त्यानंतर आई त्या गोष्टीवर कधी बोलली नाही. मी मात्र पुष्कळदा विचार करत बसते, वर्गात पोरं पेपर लिहीत असतात तेव्हा, नाहीतर लेकीच्या केसांना तेल लावताना. बोलण्यापेक्षा केलेलं खरं, असं आमच्यात म्हणतात आणि मलाही ते पटतं. मोठमोठ्यानं देवाचं नाव घेणारी आणि शेजाऱ्याच्या दुखण्यात दार लावून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. आईनं बरोबर त्याच्या उलट केलं, मग त्यात चुकलं काय? काही चुकलं नाही, असं मी स्वतःला समजावते. पण अक्काला हातांपलीकडे काहीतरी ऐकायचं होतं. तिनं तोंड उघडून मागितलं होतं. आणि माझ्या आईसारखी बाई, जिनं कुणाला पेलाभर पाण्याला नाही म्हटलं नाही, तिनं एवढं एक नाकारलं. तेही प्रेमापोटीच. याचा राग कुणावर काढायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

तर यंदा. पोतं माळ्यावर गेलं, आणि दुपारी सुनंदा चिंचांची टोपली घेऊन आली. तिचेही केस आता पांढरे व्हायला लागलेत. उपवासकाळातलं अक्काचं ताट तिनं आपणहून चालवायला घेतलंय. न विचारता येते, पिठाच्या डब्याला पाठ टेकते. आम्ही तिघी ओसरीवर, मशीनच्या खिडकीशी, चिंचा फोडत बसलो. टरफलं एकीकडं, चिंचोके एकीकडं. माझी लेक चिंचोके गोळा करत होती. समोर अक्काची खिडकी. आता त्या खोलीत साखरेची पोती आणि तेलाचे डबे आहेत.

बोलता बोलता अक्काच्या खोड्या निघाल्या. हसू झालं. आणि हसतानाच सुनंदा म्हणाली, "आत्याबाईंना तुमची एक गोष्ट लय लागली होती, बाई." सासूला ती आत्याबाईच म्हणते.

आईनं मान वर केली. "कुठली?"

"जायच्या आधी मला म्हणल्या, सुशीलानं समदं दिलं गं. देव तेवढा झाकून ठिवला. कितीबी केलं तरी आपुन परकेच की तिला."

आईनं हातातली चिंच टोपलीत परत ठेवली.

"मी म्हणलं, तुमी मागितलं का? तर म्हणल्या, मागितलं की. त्या दिवशी मला मुद्दाम दळणाला धाडलं होतं त्यांनी. तुमाला माझ्यापुढं अवघडल्यासारखं व्हऊ नये म्हणून."

"लोक बोलायले होते गं," आई म्हणाली. "तुझा नवराच सांगून गेला होता. मला वाटलं, माझं येणं बंद झालं तर तिला कोण..."

"लोकाचं काय, बाई. आमच्याच दुकानात बसून बोलत्यात, आन् आमचंच सामान घिऊन जात्यात." सुनंदानं टरफल बाजूला टाकलं. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिला बहुधा आपण हे बोलायला नको होतं असं वाटलं असावं. घाईनं म्हणाली, "मग त्यात काय? आता म्हणा की. आता कोण आडवायलंय तुमाला?"

आई म्हणाली, "आता न्हाई म्हणता येत. आमच्यात गेलेल्या माणसासाठी मागत न्हाईत. माणूस हाय तवरच मागायचं असतं."

मला हे लहानपणापासून माहीत होतं. शिकवलेलंच आहे ते आम्हाला. पण त्याचा असा अर्थ होतो, हे मला त्या ओसरीवर कळलं. माझे हात चिंचेनं चिकट झाले होते, डोळे पुसायचीही सोय नव्हती.

सुनंदा उठली. मला वाटलं, निघाली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन आईच्या समोर खाली बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. म्हणाली, "मग माझ्यासाठी म्हणा. मी हाय की अजून."

आईनं सवयीनं खिडकीकडे पाहिलं. माझी लेक कडी लावायला उठली होती, तिलाही आजीची सवय पाठ आहे. आईनं मान हलवून तिला नको म्हटलं. गल्लीतून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. दुकानात मन्मथ गिऱ्हाइकाशी बोलत होता. आईनं तिचा उजवा तळहात सुनंदाच्या तळहाताखाली धरला आणि डोळे मिटले.

"देवा," ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं, समोरच्या पोत्यांपर्यंत जाईल असं. "ही माझी अक्का. हिच्या डोळ्यांत उजेड ठेव..."

सुनंदानं डोळे उघडले नाहीत. नाव चुकलं असं आईला कुणी सांगितलं नाही.